माल्टाची पाषाणमंदिरं आणि भुयारं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माल्टाला निघालेले लोक गेली काही वर्षं आम्हाला जे विचारत आले आहेत, ते इथे एकत्र केलं आहे. सोपे प्रश्न आधी, अडचणीचे नंतर. वेळ कमी असेल तर निदान ४ आणि ९ वाचा.

१. माल्टात एवढं जुनं काय आहे? आम्हाला तर तिथले किल्ले आणि समुद्रच माहीत होते.

माल्टा हा सिसिलीच्या दक्षिणेला असलेला द्वीपसमूह. सगळी बेटं मिळून ३१६ चौरस किलोमीटर, म्हणजे मुंबईच्या जेमतेम निम्मा देश. इथे इ.स.पू. ३६०० ते २५०० या काळात लोकांनी प्रचंड दगडांची देवळं उभारली. त्यांच्याकडे धातू नव्हता, लिपी नव्हती. दगडाची हत्यारं, दोर आणि माणसांचे हात एवढ्यावर काम झालं. गिझाचा मोठा पिरॅमिड इ.स.पू. २६व्या शतकातला, गोझो बेटावरचं ज्गांतिया तेव्हाच हजार वर्षांचं झालं होतं. हायपोजिअम हे भुयार आणि ज्गांतिया १९८० साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आले. १९९२ मध्ये ज्गांतियाच्या नोंदीत आणखी पाच ठिकाणं जोडली गेली: हाजार इम, म्नायद्रा, तार्शीन, ता हाजरात आणि स्कोर्बा.

२. ही नावं उच्चारायची कशी? बसचालकाला कळलंच नाही.

माल्टी भाषा रोमन लिपीत लिहितात, पण ती अरबीच्या कुळातली आहे. म्हणून इंग्रजी वाचतो तशी वाचली की फसगत होते. तिच्यात एक्सचा उच्चार 'श' होतो, म्हणून तार्शीन. जे म्हणजे 'य', म्हणून म्नायद्रा. क्यू हा घशात क्षणभर अडकवायचा आवाज आहे, म्हणून 'किम' नाही, 'इम'. ज्गांतिया ज्या गावात आहे त्याचं नाव लिहितात भलतंच, म्हणतात मात्र 'शारा'. आणि एकदा कान सरावला की गंमत सुरू होते: जगाला 'दिन्या' म्हणतात, वर्षाला 'सेना', पुस्तकाला 'क्तीब'. आपले दुनिया, सन आणि किताब हे शब्द फारसीच्या वाटेने आले, पण मुळात याच घरचे. इंग्रजीही तिथली अधिकृत भाषा आहे, त्यामुळे रस्त्यावर अडत नाही.

३. हायपोजिअम म्हणजे नक्की काय? आपल्या लेण्यांसारखं का?

हाल साफ्लिएनी हायपोजिअम हे जमिनीखाली खोदलेलं दफनस्थळ आहे. पाओला गावात, साध्या घरांच्या रांगेत त्याचं दार आहे. खाली एकाखाली एक असे तीन मजले. सगळ्यात वरचा सर्वांत जुना, सगळ्यात खालचा जमिनीपासून साडेदहा मीटरच्या आसपास खोल. १९०२ साली घरांसाठी पाण्याची टाकी खोदताना मजुरांची पहार आत घुसली. काम थांबेल या धास्तीने ही गोष्ट काही काळ दडवून ठेवली होती, असं सांगतात. पहिलं उत्खनन मान्वेल माग्री या जेझुइट पाद्र्याने केलं. ते १९०७ मध्ये ट्युनिशियातल्या स्फाक्स इथे वारले आणि त्यांच्या नोंदी पुन्हा कधी सापडल्या नाहीत. पुढचं काम थेमिस्टोक्लिस झामिट यांनी केलं. इथे सुमारे सात हजार माणसांचे अवशेष असावेत, हा अंदाज त्यांच्याच कामातून आला.

लेण्यांशी तुलना सगळेच करतात, आणि एका अर्थी ती बरोबर आहे. वेरूळचं दहावं लेणं, 'सुतार की झोपडी', आठवा. लाकडी छताला असतात तशा फासळ्या तिथे दगडातच कोरल्या आहेत. हायपोजिअमच्या मधल्या मजल्यावरही तसंच आहे. वर जमिनीवर दगडावर दगड पुढे सरकवत जे देऊळ बांधायचे, त्याचीच दारं, खांब आणि आत झुकत जाणारं छत खाली अखंड खडकात कोरून काढलं आहे. जमिनीवरच्या एकाही देवळाचं छत आज शिल्लक नाही. ते कसं दिसत असेल, ते डोळ्यांनी पाहायचं तर या भुयारातच उतरावं लागतं.

४. हायपोजिअमचं तिकीट कधी काढायचं?

विमानाच्या आधी. तासाला फक्त दहा माणसं आत सोडतात. उन्हाळ्यात आणि ईस्टरच्या सुमारास तिकिटं दोन-तीन महिने आधी संपलेली असतात. ती 'हेरिटेज माल्टा' या सरकारी संस्थेच्या संकेतस्थळावर मिळतात, दिवस आणि वेळ ठरवून. आधी तिकीट, मग त्याच्याभोवती बाकीचा प्रवास. आम्ही पहिल्या खेपेला उलटं केलं आणि पाओलातल्या त्या बंद दारासमोर उभं राहून फोटो काढून परत आलो.

वेळेवर पोचा. एकदा तुकडी खाली उतरली की उशिरा आलेल्याला मधूनच सोडत नाहीत, आणि पैसे परत मिळत नाहीत.

५. तारखा पाहिल्या, सगळं भरलेलं आहे. आता?

दुसऱ्या दिवशीच्या काही फेऱ्यांची थोडी तिकिटं आदल्या दिवशी प्रत्यक्ष खिडकीवर विकतात. ती जरा महाग असतात आणि आधी येईल त्याला मिळतात. राजधानी वॅलेटातला सेंट एल्मो किल्ला हे त्यातलं नेहमीचं ठिकाण. निघण्याआधी संकेतस्थळावर एकदा खात्री करून घ्या. खिडकी उघडायच्या आधी रांगेत उभं राहायची तयारी ठेवा, आणि त्यासाठी सहलीचे पहिले दोन दिवस मोकळे ठेवा. शेवटच्या दिवशी हा जुगार खेळू नका.

६. व्हिसा हातात नसताना ना-परतावा तिकीट काढायचं का?

हा सगळ्यात नाजूक प्रश्न. माल्टा २००७ पासून शेंगेन क्षेत्रात आहे, म्हणजे भारतीय पारपत्रावर शेंगेन व्हिसा लागतो, आणि तो तिकिटं संपेपर्यंत हातात येईलच असं नाही. आमचं मत: काढा. व्हिसा नाकारला गेला तर तेवढे पैसे बुडतील. पण संपूर्ण प्रवासखर्चापुढे ती रक्कम लहान आहे.

इटलीला जोडून जाणाऱ्यांनी लक्षात ठेवायचं ते हे: अर्ज त्या देशाकडे करायचा जिथे जास्त दिवस राहणार. दिवस सारखे असतील तर जिथून आत शिरणार त्या देशाकडे. रोममध्ये सहा दिवस आणि माल्टात चार, तर अर्ज इटलीचा.

७. आत फोटो काढता येतात का? निदान मोबाईलवर, फ्लॅश बंद करून?

नाही. हायपोजिअममध्ये कोणताच फोटो नाही, आणि पिशव्याही बाहेर कपाटात ठेवाव्या लागतात. छतावर लाल गेरूने काढलेली वेटोळी नक्षी आहे. माणसांचा श्वास, त्यातली वाफ आणि कार्बन डायऑक्साइड, अंगाची उष्णता, दिव्यांचा प्रकाश, या सगळ्याचा तिच्यावर आणि चुनखडकावर परिणाम होतो. म्हणून दहाची मर्यादा, म्हणून आतलं तापमान आणि आर्द्रता यंत्रांनी सांभाळलेली. नव्वदच्या दशकात बरीच वर्षं ही जागा पूर्ण बंद होती, आणि २०१७ मध्ये नव्या व्यवस्थेनंतर पुन्हा उघडली. अजिंठ्याची चित्रं ज्यांनी पाहिली आहेत त्यांना हे पटवून द्यावं लागत नाही.

बाकीच्या देवळांत फोटो खुशाल काढा.

८. आई-बाबा सत्तरीचे आहेत, गुडघे दुखतात. मुलगी पाच वर्षांची आहे. जमेल?

मुलीला हायपोजिअममध्ये प्रवेश नाही. सहा वर्षांखालच्या मुलांना आत नेता येत नाही, कडेवर घेऊनसुद्धा. दोघांनी दोन वेगळ्या फेऱ्यांची तिकिटं काढायची आणि आलटून पालटून जायचं, हा एकच मार्ग आहे.

आई-बाबांचं त्यांच्या पायांवर अवलंबून आहे. खाली उंच-सखल पायऱ्या आहेत, वाट अरुंद आहे, उजेड मंद आहे, आणि मधेच बसावंसं वाटलं तर बसायला जागा नाही. लोणावळ्याजवळ कार्ल्याच्या पायऱ्या चढण्याइतका दम लागत नाही, पण तोल सांभाळावा लागतो. बंद जागेत घाबरायला होत असेल त्यांनी टाळलेलं बरं.

त्यांच्यासाठी हाजार इम आणि तार्शीन ही उत्तम ठिकाणं. दोन्हीकडे वर तंबूसारखं छत्र आहे, चालायला सपाट वाट आहे. फक्त हाजार इमहून म्नायद्राकडे जाणारी साधारण अर्धा किलोमीटरची वाट समुद्राकडे उतरते. जाताना छान वाटतं. परत ती चढायची असते.

९. सगळी देवळं पाहायला वेळ नाही. कोणती निवडायची, आणि कोणत्या क्रमाने?

तीन पुरेत, शेजारशेजारची हाजार इम आणि म्नायद्रा एकच धरून. सात देवळं धावत पाहिली की शेवटी सगळे दगड सारखे वाटायला लागतात, हे आम्ही आमच्याच गटात पाहिलं आहे.

पहिल्या दिवशी हाजार इम आणि म्नायद्रा. सकाळी लवकर, समोर फिल्फ्ला बेट आणि खाली निळा समुद्र. हाजार इमच्या भिंतीत वीस टनांहून जड असा एक दगड आहे. त्याच्यासमोर उभं राहा आणि हा कुठून, कसा आणला असेल याचा थोडा वेळ विचार करा. मग दोन देवळांच्या दगडांतला फरक बघा. हाजार इम मऊ, मधाच्या रंगाच्या ग्लोबिजेरिना चुनखडकाचं. खाऱ्या वाऱ्याने त्याचे पापुद्रे निघाले आहेत. म्नायद्रा प्रामुख्याने टणक, करड्या प्रवाळी चुनखडकाचं. त्याचे कोपरे अजून धरून आहेत. कोरीव आणि टिकल्यांची नक्षी करायची तिथे मऊ दगड, भार पेलायचा तिथे टणक, हे गणित त्या लोकांना पक्कं ठाऊक होतं. दोन्हींवरची छत्रं २००९ ची. आणि खिशात माल्टाचं एक, दोन किंवा पाच सेंटचं नाणं असेल तर काढून बघा, त्याच्यावर म्नायद्राच आहे.

दुसऱ्या दिवशी तार्शीन, आणि तिथूनच चालत हायपोजिअम. दोन्ही जवळजवळ आहेत, दहा-पंधरा मिनिटांची वाट. पण क्रम हाच ठेवा: आधी वरचं देऊळ, मग खालचं भुयार. तार्शीनमध्ये दारं, उंबरे, वेटोळ्यांचे दगड नीट पाहिलेत की खाली उतरल्यावर तेच दार खडकात कोरलेलं ओळखू येतं. उलटं केलंत तर भुयार ही नुसती एक अद्भुत गुहा वाटते.

तार्शीनचा शोध १९१४ चा. शेत नांगरताना फाळ सारखा मोठ्या दगडांवर आपटायचा. शेतकऱ्याने झामिटांना कळवलं, आणि १९१५ ते १९१९ उत्खनन झालं. एका वेदीच्या पोकळीत गारगोटीचा सुरा आणि प्राण्यांची हाडं सापडली, त्या वेदीवर सुंदर वेटोळी कोरलेली आहेत. शेजारी मेंढ्या-बकऱ्यांची एक रांगच कोरली आहे. मोठे दगडी गोळेही पडले आहेत. महाकाय दगड त्यांच्यावरून सरकवले असावेत, असं बऱ्याच अभ्यासकांचं म्हणणं आहे.

१०. मग तिसरं कोणतं? गोझोला जायलाच हवं का?

एक पूर्ण दिवस असेल तर हो. माल्टाच्या उत्तर टोकाला चिरकेवाहून गाड्यांची बोट सुटते, पंचवीस मिनिटांत गोझो. त्या बोटीचे पैसे परतताना घेतात, जाताना नाही. जाताना तिकीटखिडकी शोधत घाम गाळू नका. वॅलेटाहून थेट वेगवान बोटही आहे, पण वारा सुटला की आधी तीच रद्द होते. म्हणून गोझोचा दिवस हायपोजिअमच्या तिकिटाच्या दिवशी किंवा परतीच्या विमानाच्या दिवशी कधीच ठेवू नका.

ज्गांतिया नावाचा अर्थ राक्षसांचं. लोककथा अशी की सान्सुना नावाची राक्षसीण बाकल्याच्या शेंगा खात, कडेवर पोर घेऊन हे दगड वाहायची. आपल्याकडे प्रत्येक जुनं हेमाडपंती देऊळ पांडवांनी एका रात्रीत बांधलेलं असतं, तसंच हे. बाहेरची भिंत आजही सहा मीटरहून उंच आहे. त्याच तिकिटात गावातली ता कोला ही १७२५ सालची पवनचक्कीही पाहता येते.

११. देवळात चपला काढायच्या का? फूल-नारळ चालतं का?

हसू नका, हा प्रश्न दरवर्षी येतो. ही जिवंत देवळं नाहीत, साडेचार हजार वर्षांत तिथे पूजा झालेली नाही. चपला काढायच्या नाहीत, उलट तळवे घसरणार नाहीत असे बूट घाला. काही ठेवायचं नाही, दगडांवर चढायचं-बसायचं नाही. एप्रिल २००१ मध्ये काही समाजकंटकांनी म्नायद्राचे साठेक दगड एका रात्रीत पाडले होते. तेव्हापासून राखण कडक आहे. चर्चमध्ये जाणार असाल तर मात्र खांदे आणि गुडघे झाका.

१२. पण मग देव कोणता होता? त्या जाड बाईच्या मूर्ती देवीच्या आहेत ना?

लिपी नसल्यामुळे देवाचं नाव कधीच कळणार नाही. जाड मांड्यांच्या आणि घेरदार झग्याच्या मूर्ती भरपूर सापडल्या. बऱ्याच मूर्तींमध्ये बाई की पुरुष हे स्पष्ट नाही. काहींच्या मानेत खोबण आहे, म्हणजे डोकं बदलता येत होतं. 'मातृदेवीचा पंथ' हे पुस्तकी उत्तर गाइड झटकन देतात. आज पुरातत्त्वज्ञ ते तेवढ्या खात्रीने देत नाहीत. तेरची बिनडोक्याची लज्जागौरी आठवणं आपल्याला साहजिक आहे. पण आठवण येणं वेगळं आणि संबंध असणं वेगळं.

१३. मूळ मूर्ती देवळात दिसल्या नाहीत. कुठे आहेत?

वॅलेटातल्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात. तार्शीनमध्ये कमरेखालीच उरलेली जी भव्य मूर्ती दिसते ती प्रतिकृती आहे, मूळ वॅलेटात. हायपोजिअममधली 'निद्रिस्त स्त्री'ही तिथेच: कुशीवर झोपलेली, गोल अंगाची, लांबी अवघी बारा सेंटिमीटर. फोटोंत ती एवढी मोठी वाटते की काचेसमोर गेल्यावर लोक तिलाच शोधत राहतात. संग्रहालय शेवटी ठेवा. आधी जागा पाहिलेली असली की वस्तू बोलतात.

१४. सूर्यकिरण देवळात शिरतात म्हणे. तो दिवस गाठायचा असेल तर?

म्नायद्राचं दक्षिणेकडचं देऊळ. विषुवदिनांना, म्हणजे २० मार्च आणि २२ सप्टेंबरच्या आसपास, उगवता सूर्य मुख्य दारातून सरळ आतपर्यंत प्रकाश टाकतो. अयनदिनांना, जून आणि डिसेंबरमध्ये, तोच प्रकाश आतल्या दाराच्या बाजूच्या दगडांच्या कडांवर पडतो. कोल्हापूरचा किरणोत्सव ज्यांनी पाहिला आहे त्यांना ती शांतता ओळखीची वाटेल. फरक एवढाच की तिथे मावळतीचे किरण, इथे उगवतीचे. त्या पहाटे हेरिटेज माल्टा मोजक्या लोकांना खास प्रवेश देते. तिकीट वेगळं, लवकर संपणारं. ढग आले तर काही दिसत नाही, आणि ढगांचे पैसे परत मिळत नाहीत.

१५. राबातची भुयारं म्हणजेच हायपोजिअम का? तिकीट नाही मिळालं म्हणून तिथे गेलो तर चालेल?

दोन्हींत तीन हजारांहून अधिक वर्षांचं अंतर आहे. राबातची सेंट पॉलची भुयारं रोमन काळातली दफनस्थळं. रोमन कायद्याप्रमाणे मृतांना गावकुसाबाहेर पुरायचं असे, आणि आजची इम्दीना-राबात म्हणजे तेव्हाचं मेलिटे शहर. त्याच्या वेशीबाहेर ही भुयारं. ख्रिस्ती, ज्यू आणि इतर, सगळ्यांच्या कबरी जवळजवळ. एका दगडावर ज्यूंचा सात फांद्यांचा दीपही कोरलेला दिसतो. सर्वांत लक्षात राहतात त्या दगडात कोरलेल्या गोल बैठकी. मृताच्या नावाने नातेवाईक इथे कुशीवर रेलून जेवायचे. आपल्याकडची तेराव्याची पंगत, फक्त जमिनीखाली.

हायपोजिअमची जागा ती घेत नाहीत. पण तिथे आधी तिकीट लागत नाही, घाई नसते, आणि मुलांना वयाची अट नाही. ८ मधल्या कुटुंबांना आम्ही हेच सुचवतो.

१६. आर दालामबद्दल कोणी सांगत नाही. जावं का?

बिर्झेब्बुजाजवळची ही गुहा कोणी खोदलेली नाही, नैसर्गिक आहे. नावाचा अर्थ 'अंधाराची गुहा'. हिमयुगात सिसिलीकडून आलेले आणि बेटावर राहून खुजे झालेले हत्ती-पाणघोडे यांची हाडं इथे थराथराने सापडली. मुलांना हे देवळांपेक्षा जास्त आवडतं. तासाभरात होतं.

१७. सगळ्या ठिकाणांचा एक पास असतो ना?

असतो. तीस दिवस चालतो, प्रत्येक ठिकाणी एकदा प्रवेश. हायपोजिअम त्यात नाही, हे विसरू नका. चार-पाच ठिकाणं पाहणार असाल तर हिशेब जमतो, ९ प्रमाणे तीनच पाहणार असाल तर आधी बेरीज करून बघा. २४, २५ आणि ३१ डिसेंबर, १ जानेवारी आणि गुड फ्रायडे या दिवशी ठिकाणं बंद असतात. ता हाजरात आणि स्कोर्बा आठवड्यातून मोजकेच दिवस उघडतात.

१८. गाडी भाड्याने घ्यावी की बस?

माल्टात गाड्या आपल्यासारख्याच डावीकडून चालतात, पण रस्ते अरुंद आहेत आणि वाहनं फार. बस पुरते. हाजार इमसाठी वॅलेटाहून ७४ क्रमांक, पाओलासाठी तर बऱ्याच. फक्त बस भरलेली असेल तर ती न थांबता पुढे जाते. हायपोजिअमच्या दिवशी तासभर आधी निघा.

१९. क्रूझने येतोय, बंदरात आठच तास आहोत.

पाओला आणि तार्शीन बंदराच्या अगदी जवळ आहेत, तेव्हा हायपोजिअमचं तिकीट असेल तर ९ मधला दुसरा दिवस आरामात होतो. जहाज उशिरा लागलं तर तिकीट गेलं, म्हणून दुपारची फेरी घ्या. तिकीट नसेल तर तार्शीन आणि वॅलेटाचं संग्रहालय. हाजार इमच्या मागे लागू नका.

२०. शाकाहारी आहोत. देवळांजवळ खायला काय?

देवळांच्या आवारात फारसं काही नाही, पाणी बरोबर ठेवा. जुलै-ऑगस्टमध्ये तर दोन बाटल्या. गावात मात्र पास्तिझी मिळतात: खुसखुशीत पापुद्र्यांच्या करंज्याच, आत रिकोटा चीज किंवा वाटाण्याचं सारण. पैशाने स्वस्त, पोटाला जड. कट्टर शाकाहारी असाल तर आधी विचारा, कारण काही ठिकाणी पापुद्र्यात डुकराची चरबी वापरतात.

२१. हायपोजिअममध्ये लांबट कवट्या सापडल्या, परग्रहवासी होते, आत बोललं की माणूस वेडा होतो... खरं काय?

मधल्या मजल्यावर एक कोनाडा आहे, त्यात खालच्या पट्टीतला पुरुषी आवाज काढला की तो सगळ्या दालनांत घुमतो. हे खरं आहे, आणि 'भविष्यवाणीची खोली' हे त्या दालनाचं नाव त्यावरूनच पडलं. तिथे कोणी वेडं झालेलं नाही. कवट्या माणसांच्या आहेत. तिथे हरवलेल्या शाळकरी मुलांच्या गोष्टीही ऐकायला मिळतील. त्या रात्री खोलीवर परतल्यावर एकमेकांना सांगायला ठीक आहेत. खाली उतरल्यावर मात्र छताकडे बघा, गेरूची वेटोळी डोक्यावरच असतात आणि तुकडी पुढे सरकायला वेळ लागत नाही.